आमच्या मोतीला वास का येतो?

"मोतीला गच्चीत तरी ठेव, नाहीतर कुणाला तरी देऊन टाक!" आईचा अल्टिमेटम. दर रविवारी आंघोळ घालूनही मंगळवारी वास हजर. म्हटलं, इंजिनियर ना आपण, आधी फॉल्ट शोधू. सरळ नाक लावून हुंगलं (हो, खरंच!). तोंडाला घाण वास म्हणजे बहुतेक दातांवर कीटण. मागून माशांसारखा, तर शेपटीखालच्या ग्रंथी तुंबलेल्या. मोतीचा वास मात्र कानातून येत होता, आंबूस. डॉक्टरांनी कानातला मळ मायक्रोस्कोपखाली पाहिला: मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट! ते ओलाव्यात फोफावतं, म्हणजे कानात पाणी घालून आम्हीच त्याला पोसत होतो. आणि माझा शॅम्पूही बंद. माणसाच्या त्वचेचा पीएच ५.५ च्या आसपास, कुत्र्याचा ७ च्या जवळ. औषधाचे थेंब, आंघोळीनंतर कान कोरडे. तीन आठवड्यांनी मोती परत हॉलमध्ये, तेही आईच्याच पायाशी.