मोटारगाडीतील हरवलेला संवाद

भर पावसात, रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून घरी आणलेली मोटारगाडी दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करावी आणि समोरच्या फलकावर तीन-चार दिवे एकदम लागावेत, हा अनुभव आता फारसा अपरिचित राहिलेला नाही. चाके जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकयंत्रणेचा, म्हणजे एबीएसचा दिवा लागतो. स्टिअरिंगचा दिवा लागतो. आणि गाडी धावत असूनही वेगदर्शकाचा काटा शून्यावर बसून राहतो. गॅरेजमध्ये निदानयंत्र जोडले की त्यावर ‘यू-०१२१’ अशी खूण उमटते. ब्रेक-नियंत्रकाशी असलेला संपर्क तुटला आहे, असा तिचा अर्थ. येथेच पुष्कळदा घाईचा निर्णय होतो. नियंत्रक निकामी झाला असे समजून हजारो रुपये खर्चून नवा मागविला जातो, आणि तो बसविल्यावरही दिवे होते तसेच राहतात. यंत्राने फक्त संपर्क तुटल्याचे सांगितलेले असते. तो कशामुळे तुटला हे त्याने सांगितलेलेच नसते.

हा भेद ध्यानात येण्यासाठी गाडीतील संवाद कसा चालतो ते पाहिले पाहिजे. पूर्वी प्रत्येक दिव्याला, काट्याला आणि संवेदकाला आपापली स्वतंत्र तार असे. इलेक्ट्रॉनिक नियंत्रक वाढत गेले तशा तारांच्या जुड्या इतक्या जाड झाल्या की त्या बसविणे आणि दुरुस्त करणे, दोन्ही अवघड होऊन बसले. जर्मनीतील बॉश या कंपनीने यावर काढलेला उपाय १९८६ साली अमेरिकेतील डेट्रॉइट येथे अभियंत्यांच्या परिषदेपुढे मांडला. ‘कंट्रोलर एरिया नेटवर्क’, थोडक्यात ‘कॅन’, हे त्याचे नाव. १९९३ साली त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांची एक सामाईक वाट असते आणि इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, फलक इत्यादींचे नियंत्रक तिच्यावरून एकमेकांशी बोलतात.

या बोलण्याची तऱ्हा टपालासारखी नसून नभोवाणीसारखी आहे. पत्रावर पत्ता असतो; कॅनवरील संदेशावर बहुधा तो कोणासाठी आहे हे लिहिलेले नसते, तो कशाविषयी आहे हे दर्शविणारा क्रमांक तेवढा असतो. ब्रेक-नियंत्रक चाकांचा वेग प्रक्षेपित करतो. ज्याला गरज असेल त्याने तो ऐकावा. फलक तो ऐकून काटा हलवितो, तर स्टिअरिंगचा नियंत्रक तोच आकडा ऐकून चालकाच्या हाताला किती साहाय्य द्यावयाचे हे ठरवितो. असे महत्त्वाचे संदेश एका सेकंदात पन्नास, कधी शंभर वेळाही येत राहतात. ठरलेल्या अवधीत अपेक्षित संदेश आला नाही, की ऐकणारा आपल्या स्मृतीत तशी नोंद करतो. ‘यू-०१२१’ ही खूण अशीच एक नोंद होय. ती ऐकणाऱ्याने केलेली असते, गप्प झालेल्याने नव्हे.

घरातील रेडिओवर एखादे केंद्र लागेनासे झाले, तर शहाणा श्रोता आधी शेजाऱ्याकडे चौकशी करतो. शेजाऱ्याला ते नीट ऐकू येत असेल, तर दोष आपल्या संचात. साऱ्या गावालाच ते एक केंद्र लागत नसेल, तर दोष केंद्राकडे. गाडीतही हीच चौकशी करावयाची असते. इंजिन, फलक आणि स्टिअरिंग या तिघांचीही तक्रार एकट्या ब्रेक-नियंत्रकाविषयी असेल आणि तो निदानयंत्रालाही उत्तर देत नसेल, तर शोध त्याच्या आसपास घ्यावा. एकटे स्टिअरिंग इतर सर्वांविषयी तक्रार करीत असेल आणि बाकीच्यांचे आपसात सुरळीत चालले असेल, तर तक्रार करणाराच एकटा पडला आहे असे समजावे. आणि सर्वांचीच सर्वांविषयी तक्रार असेल, तर सामाईक तारांकडे वळावे. म्हणून एकाची नोंद वाचून थांबणे पुरेसे नाही. सर्वांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या पाहिजेत.

नोंद केव्हाची आहे हेही पाहावे लागते. अशक्त बॅटरीवर इंजिन सुरू करताना विद्युत्दाब क्षणभर खाली येतो, एखादा नियंत्रक तेवढ्यापुरता झोपी जातो आणि इतर त्याची गैरहजेरी टिपून ठेवतात. बॅटरी बदलल्यानंतरही ती जुनी नोंद राहू शकते. यास्तव बॅटरी तपासून, सर्व नोंदी कागदावर उतरवून मग त्या पुसाव्यात आणि गाडी चालवून कोणती नोंद परत येते ते पाहावे.

तारांची परीक्षा त्यानंतरची. कॅनच्या वाटेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. बॅटरी सोडवून दोन तारांमध्ये मोजमाप केले, तर दोहोंचा मिळून सुमारे ६० ओहम आकडा यावा. पुष्कळ गाड्यांत निदानाच्या जोडणीतील ६ आणि १४ या क्रमांकांच्या पिनांवर हे मोजता येते; काहींत मात्र मध्ये द्वारपालासारखा एक नियंत्रक असतो, तेथे आतल्या तारांवरच मोजावे लागते. आकडा १२० आला तर एका टोकाचा रोध किंवा वाटेतील तार तुटलेली असते. शून्याजवळ आला तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत असे समजावे. परंतु ६० आला म्हणून निश्चिंत होता येत नाही. मुख्य वाट शाबूत असूनही एका नियंत्रकाकडे जाणारा छोटा फाटा तुटलेला असू शकतो.

शेवटी गप्प असलेल्या नियंत्रकाला अन्नपाणी मिळते आहे काय, हे पाहावयाचे. त्याचा फ्यूज, त्याला येणारा वीजपुरवठा आणि गाडीच्या सांगाड्याशी असलेली त्याची जोडणी, जिला गॅरेजमध्ये ‘अर्थ’ म्हणतात, यांची तपासणी करावी. पावसाचे पाणी शिरून प्लगच्या पिना हिरव्या पडतात, अर्थच्या नटाखाली गंज धरतो, उंदीर तारा कुरतडतात. तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी मापक पूर्ण १२ व्होल्ट दाखवितो. म्हणून त्या तारेवर एखादा दिवा लावून पाहणे अधिक खात्रीचे. भार पडताच दिवा मंदावला, तर दोष सापडला.

आणखी एक गोष्ट पुष्कळ खर्च वाचवू शकते. चाकाजवळील वेगसंवेदक साधारणतः कॅनवर स्वतः बोलत नाही. तो आपले म्हणणे ब्रेक-नियंत्रकाकडे पोहोचवितो. संवेदकाची तार तुटली, तर नियंत्रक जागा असतो आणि ‘सी’ अक्षराची खूण देऊन कोणत्या चाकाची तक्रार आहे हे स्वतःच सांगतो. नियंत्रकच बोलत नसेल, तेव्हा संवेदक बदलून काही साधत नाही.

एबीएस गप्प असता साधा ब्रेक सामान्यतः लागतो. परंतु ओल्या रस्त्यावर तो जोराने दाबला असता चाके जाम होऊन गाडी घसरू शकते. त्यामुळे तो दिवा दुर्लक्षिणे जितके धोक्याचे, तितकेच तो पाहून भलताच भाग बदलणे. कारण मूळ दोष तसाच राहतो आणि दुरुस्ती झाल्याच्या समजुतीने गाडी पुन्हा रस्त्यावर येते. वीज, अर्थ, तारा आणि जोडण्या निर्दोष ठरल्यानंतरही जो नियंत्रक बोलत नाही, तोच बदलावयास योग्य. पुष्कळ वेळा मात्र चौकशी तेथवर पोहोचतच नाही. एक गंजलेला नट घासून पुसून घट्ट बसविला जातो आणि वेगदर्शकाचा काटा पुन्हा हलू लागतो.