नळावरचा थर आणि व्हिनेगर

हैदराबादच्या बरकतपुऱ्यात ज्यांच्या घरी बोअरचं पाणी येतं, त्यांना नळाच्या जाळीवर बसणारा पांढरा थर नवा नाही. तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. तांदूरच्या फरशीतही तेच असतं. म्हणून त्या फरशीवर लिंबू पिळलं तर आम्लामुळे तिची चकाकी जाते.

जाळी काढून वाटीभर व्हिनेगरमध्ये बुडवा. बारीक बुडबुडे दिसतील. तो कार्बन डायऑक्साइड. व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घातलं की बुडबुडे मंदावतात, कारण थरावर येऊन आदळणारे आम्लाचे कण कमी होतात. कोमट केलं की जोर वाढतो. दर दहा अंशांना वेग साधारण दुप्पट होतो म्हणतात, पण तो ढोबळ आडाखा आहे. प्रत्येक अभिक्रियेचं गणित वेगळं. रसायनशास्त्रज्ञ आरेनियसने 1889 मध्ये ते समीकरणात बसवलं. थराचे पोपडे कुटून टाकले तर पृष्ठभाग वाढून काम आणखी लवकर उरकतं.

मग जितकं तीव्र तितकं वेगवान? इथे गंमत आहे. व्हिनेगरमधलंच ॲसिटिक आम्ल, पण पाणी नसलेलं शुद्ध, याच थरापुढे जवळजवळ थंड पडतं, कारण हायड्रोजन आयन मोकळे व्हायला पाणी लागतं. सल्फ्युरिक आम्लाची तऱ्हा निराळी: सुरुवातीला फसफसतं, मग कॅल्शियम सल्फेटचा पापुद्रा थराला झाकून टाकतो आणि अभिक्रिया अडते.

स्वयंपाकघरातलं साधं व्हिनेगर पुरे. मात्र त्यात ब्लीच कधीही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो.