पाळी चुकू नये म्हणून गजर मोठा करा

शेतकरी बंधूंनो, रात्री दोनला पाण्याची पाळी असते आणि दिवसभर राबलेल्या माणसाला गजर ऐकूच येत नाही. पाळी हुकली की पीक तहानलेले राहते!

उपाय घरातच आहे. गजराची चावी वेगळी असते. तीही झोपताना पूर्ण द्या. घड्याळ गोधडीवर ठेवू नका, कापड आवाज गिळते. पत्र्याचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर ठेवा. घड्याळाबरोबर पत्राही थरथरतो आणि आवाज वाढतो. मोबाईल असल्यास रिकाम्या पातेल्यात ठेवा.

डबा अंथरुणापासून चार पावलांवर असावा, म्हणजे उठावेच लागेल. उठल्यावर तोंडावर पाणी मारा, पायात बूट घाला, हातात बॅटरी घ्या. मात्र ओल्या हाताने स्टार्टरला शिवू नका. पाळी पुन्हा येते, गेलेला माणूस येत नाही.