लघवीचं वेबिल

आमच्या भागात ‘पिशवी काढली’ म्हटलं की अर्थ एकच, तोही बायकांच्या ऑपरेशनचा. माझं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं तेव्हा भावकीतल्या एका वहिनींनी हिला फोनवर विचारलं, “पिशवी काढली का गं?” ही म्हणाली, “अजून न्हाई, लोंबकळतीया कॉटला. बारा दिवसांनी काढणार हायत.” पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही म्हणे.

मी एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो, त्यातली बरीच पाटण-मुंबई रातराणीवर. कंडक्टरची लघवी वेळापत्रकाप्रमाणे होते. गाडी सुटायच्या आधी पाणी प्यायचं नाही. स्टँडवर उतरलं की आधी कंट्रोलरकडं नोंद, मग वेळ उरला तर मुतारी. एकदा खंबाटकी घाटात एका म्हाताऱ्यानं गाडी थांबवा म्हणून हात जोडले. ‘आता थेट स्वारगेट’ असं मी त्याला सुनावलं. त्याचा चेहरा आठवत नाही. मांडीवर गच्च दाबून धरलेली टोपी आठवते.

६७व्या वर्षी प्रोस्टेटच्या रक्ततपासणीत माझं पीएसए ११ आलं, तपासणीसाठी तुकडे काढले, त्यात कॅन्सर निघाला, पण ग्रंथीच्या बाहेर गेला नव्हता. हे तीन आठवड्यांत उरकलं. त्यानंतरचं वर्ष मात्र लांबलं, आणि सांगायचं आहे ते त्या वर्षाबद्दल.

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्राशयाच्या अगदी खाली असते आणि लघवीची वाट तिच्या मधून जाते, माळेच्या मण्यातून दोरा जावा तशी. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये अख्खा मणी काढतात आणि मूत्राशयाचं तोंड खालच्या वाटेला शिवून टाकतात. लघवी अडवायचं काम दोन ठिकाणी चालतं. वरची जागा ऑपरेशनमध्ये जाते किंवा निकामी होते. सगळा भार खालच्या स्नायूवर येतो, आणि तोही त्या वेळी मार खाल्लेला असतो. गळती लागते ती यामुळे.

शिवण भरून येईपर्यंत आत नळी ठेवतात, साधारण आठवडा ते दोन आठवडे. तिला फोली म्हणतात. फ्रेडरिक फोली या अमेरिकन डॉक्टरांनी १९३०च्या दशकात ती घडवली. टोकाला रबरी फुगा असतो, त्यात दहा मिलीच्या आसपास पाणी भरलं की नळी निसटत नाही. माझी नळी १८ नंबरची होती. नंबराला तीननं भागलं की जाडी मिलिमीटरमध्ये मिळते, म्हणजे सहा. हा हिशोब ऐकून उगाच ऐकला असं झालं.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी कॉटवरून उठलो आणि नळीला जोडलेली लघवीची पिशवी कॉटलाच राहिली. तो हिसका शत्रूलाही मिळू नये. तेव्हापासून नळी मांडीला चिकटपट्टीनं, जरा ढील देऊन, बांधून ठेवली. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली हवी, नाहीतर लघवी उलटी आत जाते. आणि खाली म्हणजे फरशीवर नव्हे. गच्च भरायच्या आत ओतायची, आधी आणि नंतर हात साबणानं धुवायचे.

चौथ्या रात्री पोटात कळा सुरू झाल्या. नळीतून लघवी चालू, तरी जोराची लागल्यासारखं वाटायचं आणि नळीच्या कडेनं कपड्यात यायची. मला वाटलं, शिवण उसवली. तसं काही नव्हतं. मूत्राशयाला तो फुगा खुपतो आणि ते आवळून त्याला बाहेर ढकलू बघतं. गोळी मिळाली, कळा थांबल्या. पण त्या गोळीनं तोंड कोरडं पडलं आणि संडास घट्ट झाली. संडासला कुंथलं की पुन्हा लाल लघवी. फिकट गुलाबी चालते, पाणी पीत राहायचं. पण रक्ताच्या गुठळ्या येऊन पिशवीत थेंबही पडेना, किंवा थंडी वाजून ताप भरला, तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही. नळी निसटून आलीच तर गावातल्या कुणाकडून परत घालून घ्यायची नाही. आतली शिवण ताजी असते, ते काम युरोलॉजिस्टचं.

बाराव्या दिवशी नळी काढली. सुटलो म्हणून उभा राहिलो आणि पायजमा भिजला. शिंकलो, ओला. खुर्चीतून उठलो, ओला. पहिल्या आठवड्यात दिवसाला सहा पॅड लागले. मेडिकलमध्ये मुलगा जायचा आणि ते काळ्या पिशवीत आणायचा. मी पाणी कमी केलं, जुनी सवयच ती. त्यानं गळती कमी झाली नाही. लघवी दाट, पिवळी झाली, जळजळायला लागली आणि दर अर्ध्या तासाला लागायला लागली. दाट लघवी मूत्राशयाला झोंबते. पाणी पूर्वीसारखं केलं, संध्याकाळनंतर तेवढं आवरतं घेतलं, आणि चहा सहावरून दोनवर आणला. सगळ्यात अवघड तेच गेलं.

फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणाली, “काका, चारचौघांत वारा अडवता ना, तेच करायचं.” पोट, कुल्ले न आवळता, श्वास न धरता फक्त तो स्नायू आत ओढायचा. पाच-दहा सेकंद धरायचा, तेवढाच वेळ सोडायचा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. नळी आत असताना हे करायचं नाही. उठण्याआधी, खोकण्याआधी एक आवळणी. याला केगल म्हणतात. अरनॉल्ड केगल हे स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी १९४८मध्ये हा व्यायाम मांडला तो बाळंतपणानंतर लघवी गळणाऱ्या बायकांसाठी.

मी एक शंभरपानी वही घेतली आणि कंडक्टर फेरीच्या हिशोबाचं काढतो तसं वेबिल काढलं. तारीख, पाण्याचे तांबे, रात्री उठलो किती, पॅड किती, एका वेळेला लघवीला किती मिनिटं लागली. ही हसली. पण हिशोब लिहिल्याशिवाय मला दिवस संपल्यासारखा वाटत नाही.

सहा पॅडचे चार झाले, दहाव्या आठवड्यात दोन, बाराव्यात एक. मी पेढे आणायच्या बेतात होतो. तपासणीला वही नेली. डॉक्टरांनी पॅडच्या रकान्याकडं पाहिलंच नाही, शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. मिनिटं दोनवरून सातवर गेली होती. मला वाटायचं, वय झालंय. ते म्हणाले, “गळती थांबली नाही, वाट बंद होतेय.” शिवणीच्या जागी वण धरतो आणि काहींमध्ये तो आवळत जातो, थैलीची नाडी ओढावी तसा. धार दोऱ्यासारखी होते, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही.

पुढच्या आठवड्यात दुर्बिणीनं बघून तो वण कापायचं ठरलं, पण त्याआधीच एका रात्री लघवी तुंबली. ओटीपोटावर नारळाएवढा गोळा, घाम, आणि एक थेंब नाही. ऐन थंडीत तशा अवस्थेत मोठ्या रुग्णालयापर्यंत गेलो. वाटेत दोन ठिकाणी मुलानं गाडी थांबवली, मी उभा राहिलो, काही झालं नाही. तेव्हा मांडीवरची ती टोपी आठवली.

वण कापला, पुन्हा काही दिवस नळी, आणि ती निघाल्यावर पॅड परत चार. तयारी होती, तरी वाईट वाटलंच. पण मिनिटं दोनवर आली होती. बहुतेकांची गळती वर्षभरात बरीच आटोक्यात येते. राहिलीच तर आधार देणारी पट्टी बसवतात, किंवा कृत्रिम झडप, जिचं बटण अंडकोशाच्या पिशवीत असतं. (आणखी एक पिशवी.) मला ती वेळ आली नाही. आज एक पातळ पॅड, तोही बाहेर जाताना. पीएसए दर वेळी नगण्य येतं. नवरा-बायकोतला दुसरा त्रास, तोही या ऑपरेशनचाच भाग, आहे. त्याबद्दलही डॉक्टरांना विचारलं. विचारायला मला आठ महिने लागले.

केगलचा तो बाळंतपणाचा मुद्दा मी एका संध्याकाळी हिला सांगितला. ही भाकरी थापत होती. म्हणाली, “मला ठावं हाय. धाकट्याच्या टायमापासनं खोकलं की माझंबी हुतंय.” धाकटा आता ३८ वर्षांचा आहे. मी विचारलं, कधी बोलली का नाहीस? तर म्हणे, “तुमी गाडीवर. आन् सांगून काय हुनार हुतं?”

वेबिलात आता दोन रकाने वाढलेत. ती लिहीत नाही, सांगते, मी मांडतो. एखाद्या दिवशी म्हणते, “आज माझी जागा रिकामी सोडा,” आणि मी सोडतो.