मुखातील अदृश्य सृष्टी

हॉलंड देशातील डेल्फ्ट या गावी सतराव्या शतकात लेव्हेनहूक नावाचा एक कापडाचा व्यापारी राहत असे. विद्यापीठाची पायरी तो कधी चढला नव्हता. परंतु काचेची बारीक भिंगे घासून तयार करावीत आणि त्यांतून नाना वस्तू न्याहाळाव्यात, हा त्याचा छंद होता. तो रोज सकाळी मिठाने दात घाशी. तरीही दातांच्या फटींत थोडा पांढरा मळ उरतोच, हे त्याच्या ध्यानी आले. १६८३ साली त्याने तो मळ पावसाच्या स्वच्छ पाण्यात कालवून भिंगापुढे धरला. पाहतो तो काय! त्या थेंबात असंख्य चिमुकले जीव इकडून तिकडे धावत होते. ही हकीकत त्याने पत्राने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली.

या जीवांचा आणि दात किडण्याचा संबंध उलगडण्यास मात्र दोनशे वर्षे लागली. मिलर या अमेरिकन दंतवैद्याने बर्लिन येथे संशोधन करून १८९० साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. दातांना चिकटलेल्या गोड व पिठूळ अन्नावर जंतू आपली उपजीविका करतात. त्यातून आम्ल निर्माण होते आणि ते आम्ल दातांचे कठीण कवच विरघळवते, असे त्याने दाखवून दिले.

मनुष्याच्या मुखात आढळणाऱ्या जंतूंच्या सुमारे ७०० जाती आज शास्त्रज्ञांना ठाऊक आहेत. त्या सर्वच आपल्या वैरी आहेत असे नव्हे. कित्येक निरुपद्रवी असतात, तर काही उपद्रवी जंतूंना पाय रोवू देत नाहीत. शिवाय आपली लाळ आम्लाचा जोर कमी करते आणि तिच्यातील क्षार कवचाची किंचित झालेली झीज भरून काढतात. मात्र त्यासाठी तिला अवधी हवा. जो दिवसभर थोड्या थोड्या वेळाने गोड खातो, त्याच्या लाळेला तो अवधी मिळत नाही. मग झीज वाढत जाते व दाताला खड्डा पडतो.

हा खड्डा शरीराला भरून का काढता येत नाही? मोडलेले हाड सांधते, कापलेली त्वचा भरून येते. दाताचे तसे नाही. दातावरील कवचास एनॅमल म्हणतात. आपल्या शरीरात त्याच्याइतका कठीण पदार्थ दुसरा नाही. परंतु ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येताच नाहीशा होतात. घर बांधून गवंडी निघून जावेत, तसाच हा प्रकार होय.

तथापि, दाताच्या पोकळीतील मऊ गर जिवंत असतो. त्या गरात मूलपेशी असल्याचे अमेरिकेतील संशोधकांनी २००० साली दाखवले. मूलपेशी म्हणजे ज्यांपासून निरनिराळ्या प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात अशा पेशी. पुढे २००३ साली लहान मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतही त्या सापडल्या. ज्या दाताला आपण टाकाऊ समजतो, त्यात असे धन दडलेले होते!

जपानी शास्त्रज्ञांनी आणखी एक मार्ग शोधला. दातांची वाढ रोखणारे एक प्रथिन शरीरात असते. त्या प्रथिनालाच अटकाव करणारे औषध त्यांनी तयार केले व प्राण्यांमध्ये त्यायोगे दात उगवल्याचे पाहिले. २०२४ साली क्योटो येथील विद्यापीठाच्या रुग्णालयात त्या औषधाची माणसांवरील चाचणी सुरू झाली. औषध निर्धोक आहे की नाही, हे पाहणे हा तिचा पहिला हेतू होता. कारण माणसाच्या बाबतीत उतावीळपणा करून चालत नाही.

विज्ञानाची पावले अशी सावकाश, पण निश्चयाने पडत असतात. तोवर आपले दात आपणच सांभाळले पाहिजेत. लेव्हेनहूकने एका वृद्धाच्या दातांवरील मळही तपासला होता. त्या वृद्धाने जन्मात कधी दात स्वच्छ केले नव्हते. त्याच्या मुखात जीवांची केवढी दाटी झाली होती! दुधाचे २० दात पडले, तर निसर्ग त्यांच्या जागी नवे देतो. पण नंतरचे ३२ दात तो एकदाच देतो. रोज सकाळी आणि रात्री निजण्यापूर्वी त्यांच्यासाठी चार क्षण काढणे हे प्रत्येकाच्या हाती आहे.