ट्रेलचं श्रमदान: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिल्ली-गुरुग्राम पट्ट्यात अरावलीच्या उरल्यासुरल्या टेकड्यांवर माउंटन बाइक चालवणाऱ्यांनी ट्रेलच्या देखभालीचा विषय काढला, की पहिला आक्षेप येतो: वाटा सायकलींनीच तर झिजवल्या! हे अर्धसत्य आहे. अमेरिकेतल्या मोंटानात विल्सन आणि सेनी या संशोधकांनी केलेल्या, 1994 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सायकलींपेक्षा घोड्यांनी जास्त माती मोकळी केल्याचं दिसलं. कॅनडातल्या 2001 सालच्या एका अभ्यासात चालणारे आणि सायकलस्वार यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र ओल्या मातीत ब्रेक दाबून चाक फरफटवलं, तर चाकोरी पडते आणि पुढच्या पावसात तिचाच ओहोळ होतो.

वाटेचा खरा वैरी पाणी. म्हणूनच देखभाल म्हणजे खड्डे बुजवणं, ही समजूत सर्वांत महागात पडते. भुसभुशीत माती पहिल्याच सरीत वाहून जाते. पाणी वाटेवर का थांबलं किंवा वाटेनंच का धावलं, ते आधी बघावं लागतं. कडेला साचलेला मातीचा उंचवटा फावड्यानं काढायचा, वाटेला खालच्या बाजूकडे किंचित कल द्यायचा, लांब उतारावर अधूनमधून रुंद, उथळ खोलगट भाग ठेवायचा, म्हणजे पाणी वेग घेण्याआधीच बाजूच्या गवतात उतरतं. महाराष्ट्रात 2016 पासून पानी फाउंडेशनच्या स्पर्धांत गावांनी पाणी अडवायला श्रमदान केलं. इथे मात्र पाणी वाटेवरून लवकर सोडायचं असतं. डबकं चुकवून कडेनं सायकल काढणंही घातक, कारण त्यानं वाट रुंदावत जाते आणि झुडपं मरतात.

‘जंगल सर्वांचं, मग फावडं घेऊन गेलं तर काय बिघडलं?’ बरंच बिघडतं. दिल्लीच्या रिजसाठी, म्हणजे शहरातल्या अरावलीच्या रांगेसाठी, 1994 मध्ये भारतीय वन कायदा, 1927 खाली अधिसूचना निघाली आहे. तिथे परवानगीशिवाय खणणं, झाडं तोडणं, नवी वाट पाडणं बेकायदा आहे. टायर पंक्चर करणारी विलायती कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ, बाहेरून आलेली असली तरी तीही मनानं छाटायची नाही. हेतू चांगला असला तरी ही शिस्त मला अत्यावश्यक वाटते.

आणि हे काम फक्त तगड्या, तरबेज सायकलपटूंचं, असंही नाही. गुरुग्रामच्या अरावली जैवविविधता उद्यानाची जमीन एकेकाळी खाणींनी पोखरलेली होती. 2010 पासून नागरिकांच्या पुढाकारानं तिथे स्थानिक झाडांचं जंगल उभं राहिलं. त्यात हातभार लावणाऱ्यांत अनेक साधे रहिवासी होते. घमेलं उचलता येत नसेल, तर पावसानंतर पाणी कुठे साचतं याचे फोटो काढून ठेवा, कचरा वेचा.

वनविभागाची किंवा जागेच्या व्यवस्थापनाची परवानगी असलेल्या गटातच सामील व्हा, पाण्याला वाट काढून देण्याचं काम जूनच्या आत उरका, आणि पाऊस पडून गेल्यावर माती सुकेपर्यंत सायकल घरीच ठेवा.