नागपूरकरांनी पहिला हिमालय भूतानचा का पाहावा?

एप्रिल अर्धा सरला आणि पारा चव्वेचाळीसच्या घरात गेला की नागपुरात घरोघरी एकच विषय निघतो. यंदा थंड हवेला जायचे कुठे? चिखलदरा, पचमढी पाहून झालेले असते. शिमला, मनालीच्या गर्दीला लोक कंटाळलेले असतात. हल्ली लेह-लडाखचे नाव हमखास पुढे येते. मग कोणीतरी भूतान सुचवते आणि घरातले ज्येष्ठ विचारतात, ‘आम्हाला झेपेल का?’ हा प्रश्न अगदी योग्य आहे. आयुष्यात पहिल्यांदाच उंच हिमालयात जाणाऱ्या माणसाला लेहपेक्षा भूतान कितीतरी सोपे जाते, आणि त्याचे कारण त्या देशाच्या भूगोलात दडले आहे.

नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंचीवर आहे. आपल्याला उंच वाटणारा चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास आणि महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर. भूतानची राजधानी थिंफू सुमारे २३०० मीटरवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर उभा असलेला माणूसही थिंफूच्या बाजारापेक्षा साडेसहाशे मीटर खालीच असतो. लेह तर ३५०० मीटरवर. दिल्लीहून विमानाने निघालेला प्रवासी दीड तासात तिथे उतरतो आणि पहिली रात्र तिथेच झोपतो. शरीराला सावरायला सवडच मिळत नाही.

उंचावर प्राणवायू ‘कमी’ असतो असे आपण म्हणतो, ते अर्धवट खरे आहे. हवेतले त्याचे प्रमाण सगळीकडे सुमारे २१ टक्केच राहते, कमी होतो तो हवेचा दाब. थिंफूत हा दाब नागपूरच्या साधारण चार-पंचमांश भरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायूचे कण तेवढ्याच प्रमाणात कमी येतात. शरीर लगेच कामाला लागते. श्वास जलद होतो, नाडी वाढते. जलद श्वासामुळे रक्ताचा आम्लतोल बिघडतो, तो सावरण्यासाठी मूत्रपिंडे जादा क्षार बाहेर टाकतात. म्हणूनच पहिल्या एक-दोन दिवसांत लघवीला वारंवार जावे लागते. तांबड्या पेशी वाढवण्याचा निरोप काही तासांतच निघतो, पण पेशी प्रत्यक्ष वाढायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांच्या सहलीत भिस्त असते ती श्वास आणि मूत्रपिंडांवरच.

थिंफूच्या उंचीने घाबरून जायचे कारण नाही. प्रवासी विमानाच्या केबिनमधला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढाच ठेवलेला असतो. ज्याने विमानप्रवास केला आहे, त्याने थिंफूची हवा दोन तास अनुभवलेलीच आहे.

आता भूतानचा रस्ता पाहा. सीमेवरचे फुंत्शोलिंग जवळपास नागपूरच्याच उंचीवर आहे. सियालदहहून कंचनकन्या एक्स्प्रेसने हासिमाराला उतरायचे, तिथून जयगाव आणि कमान ओलांडली की भूतान. पुढे सुमारे दीडशे किलोमीटर घाटरस्त्याने थिंफू. चार-पाच तासांत दोन हजार मीटर चढणे होते खरे, पण मुक्काम २५०० मीटरच्या खालीच पडतो, आणि उंचीचा त्रास साधारण या पातळीच्या वर सुरू होतो. वळणांमुळे गाडी लागते, तेवढी तयारी ठेवावी.

यापुढे गिर्यारोहकांचा जुना नियम भूतानमध्ये आपोआप पाळला जातो. दिवसा उंच चढा, रात्री खाली झोपा. थिंफूहून पुनाखाला जाताना ३१०० मीटरची दोचुला खिंड लागते. स्वच्छ दिवशी समोर हिमशिखरांची रांग दिसते, चहा होतो आणि दुपारपर्यंत आपण पुनाखाच्या सुमारे १२०० मीटरवरच्या खोऱ्यात उतरलेलो असतो. इथे भातखाचरे आहेत आणि पो छू व मो छू या नद्यांच्या संगमावर सतराव्या शतकातला भव्य द्झोंग, म्हणजे किल्ला आणि मठ एकत्र. ज्येष्ठांना सर्वात मानवते ते हेच गाव. पारो पुन्हा २२०० मीटरच्या वर. चेले ला खिंड जवळपास ४००० मीटरवर आहे, पण तिथे गाडीने जाऊन तासाभरात परतता येते.

पारोचा तक्तसांग मठ मात्र पायीच गाठावा लागतो. कड्याला चिकटलेला हा मठ ३१०० मीटरवर आहे, चढ साधारण पाचशे मीटरचा आणि शेवटी शेकडो पायऱ्या. १९९८ मध्ये तो आगीत जळाला आणि पुन्हा उभारला गेला. ही चढाई पहिल्या दोन दिवसांत उरकण्याचा कार्यक्रम कोणी आखून दिला तर तो बदलून घ्यावा. ती शेवटी ठेवावी, तोवर फुप्फुसांना सवय झालेली असते. अर्ध्या वाटेवर उपाहारगृह आहे. तिथून मठ समोर दिसतो आणि तिथूनच परत फिरण्यात कसलाही कमीपणा नाही.

डोके दुखणे आणि सोबत मळमळ, चक्कर, गळून जाणे किंवा झोप न लागणे ही उंची बाधल्याची खूण. ती बहुधा पोहोचल्यावर सहा ते बारा तासांनी दिसते. अशा वेळी आणखी वर जायचे नाही. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर रात्र असली तरी खाली उतरायचे आणि रुग्णालय गाठायचे. पहिले दोन दिवस मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात.

विदर्भातल्या प्रवाशांसाठी एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे आणि सहल कंपन्यांच्या माहितीपत्रकात ती बहुधा नसते. ती म्हणजे सिकलसेल. आपल्या भागात अनेक समाजांत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. रक्तात प्राणवायू कमी झाला की सदोष हिमोग्लोबिनच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. ‘एसएस’ रुग्णांना त्यामुळे तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. त्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय दोन हजार मीटरच्या वर जाऊ नये, मग ते थिंफू असो की आणखी काही. ‘एएस’ म्हणजे वाहक व्यक्ती एरवी ठणठणीत असतात आणि बहुतेकांना उंचीवरही काही होत नाही. तरीही क्वचित त्यांच्या पानथरीचा रक्तपुरवठा तुटतो. डाव्या बरगडीखाली अचानक जोराची कळ येते आणि ती अपचनाची समजून अंगावर काढली जाते. पाणी कमी पडणे आणि दमछाक यांनी धोका वाढतो.

अनेकांना आपण वाहक आहोत हेच ठाऊक नसते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणी होते. कुटुंबात कोणाला हा आजार असेल तर तिकिटे काढण्याआधी रक्ततपासणी करावी आणि सिकलसेलचे कार्ड पासपोर्टसोबत ठेवावे. वेदना झाल्यास तिथल्या डॉक्टरांना हे सर्वात आधी सांगावे. थिंफूत जिग्मे दोरजी वांगचुक राष्ट्रीय रुग्णालय आहे.

हृदयविकार, दमा किंवा काबूत नसलेला रक्तदाब असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. नागपूरच्या उन्हातून गारव्यात गेल्यावर तहान लागत नाही, पण कोरड्या हवेत श्वासावाटे पाणी जात असते. घोट घोट पीत राहावे. उंचीवर ऊन फसवे असते. हवा थंड लागली तरी कातडी भाजते, म्हणून टोपी आणि गॉगल हवेच.

जेवणाची चिंता सावजी खाणाऱ्यांनी करू नये. एमा दात्शी म्हणजे मिरच्यांचीच भाजी, चीजमध्ये शिजवलेली. ॲसिडिटीवाल्यांनी मात्र चवीपुरती घ्यावी. खर्राप्रेमींना दोमा हे सुपारी-चुन्याचे पान जागोजागी दिसेल. तंबाखू नसली तरी सुपारी तोंडाच्या कर्करोगाला कारण ठरते, हे तिथेही तितकेच खरे.

भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रावर परवाना मिळतो, आधार चालत नाही. प्रतिव्यक्ती प्रतिरात्र १२०० रुपये शुल्क आहे. मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने उत्तम. पावसाळ्यात फुंत्शोलिंगच्या घाटात दरडी कोसळतात, तेव्हा मेची सुटी हुकली तर जुलैत घाई न करता दिवाळीपर्यंत थांबावे.